गुरुवारची पट्टी

माझा उजवा पाय दुखायला लागून तीस वर्षे उलटून गेली आहेत. त्या दुखण्यासाठी आता दर गुरुवारी मी अंगावर औषधाची एक पट्टी लावते. तिच्यापर्यंत कशी पोचले आणि तिच्यासोबत कशी राहते, ते इथे लिहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा आम्ही औसा तालुक्यातल्या आमच्या जुन्या गावी माळवदाच्या घरात झोपलो होतो. गणपती विसर्जन करून उशिरा परतलेली माणसे गाढ झोपेत होती. दगडमातीची भिंत आत कोसळली आणि तुळई माझ्या कमरेवर आणि मांडीवर आली. मला बाहेर काढेपर्यंत दुपार झाली होती. पुढे तीन शस्त्रक्रिया झाल्या आणि पाय वाचला, परंतु कमरेतून पायात उतरणारी मोठी नस जी चिरडली, ती चिरडलीच.

हाडाचे दुखणे वेगळे आणि नसेचे वेगळे, हे ज्याने दोन्ही सोसले त्यालाच कळते. हाड जुळून आले तसे ते दुखणे शमले. नसेचे दुखणे मात्र तव्याला पाय टेकल्यासारखी आग, मध्येच एखादी चमक आणि रात्री तळपायात मुंग्यांचे वारूळ फुटल्यासारखी भणभण, अशा रूपांत कायमचे घरी राहिले. पातळाचा काठ पोटरीला घासला तरी अंगावर शहारा यायचा. अशा अवस्थेत मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, मुलगा वाढवला, आणि गावातली बहुतेक माणसे करतात तेच मीही केले: दुखले की डायक्लोफिनॅकची गोळी आणि फारच दुखले की गावातल्या डॉक्टरांकडे जाऊन सुई. रात्री चुलीत तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून तिचा शेक घेत असे. वीस-बावीस वर्षे हाच क्रम चालला. २०१६ मध्ये पायांवर सूज दिसू लागली, रक्त तपासले तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे नीट काम करत नसली की रक्तात वाढणारा घटक, १.९ निघाले, आणि लातूरच्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी सांगितले की या गोळ्यांनीच मूत्रपिंडे झिजवली असावीत, त्यामुळे यापुढे त्यांतली एकही घ्यायची नाही.

त्यानंतर ट्रॅमाडॉल आले, म्हणजे अफूसारखे काम करणारे वेदनाशामक. कुणीतरी एकदा लिहून दिले आणि पुढे मी चिठ्ठीशिवायच मेडिकलमधून घेत राहिले, कारण कोणी अडवले नाही. सुरुवातीला दिवसाला दोन गोळ्या पुरत. दीड वर्षात त्या सहा झाल्या, म्हणजे ३०० मिलिग्रॅम. मूत्रपिंड अधू असलेल्या माणसाला इतकी मात्रा जड पडते, ते औषध शरीरात साचून राहते, त्याने झटके येऊ शकतात, यातले मला काहीही ठाऊक नव्हते. झोप लागावी म्हणून गावातच कोणीतरी दिलेली अल्प्राझोलामची गोळी मी त्याच्या जोडीने घेत होते. हे दोन्ही मिळून श्वास मंदावतो हेही कोणी सांगितले नाही, आणि मीही कोणाला विचारले नाही.

एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. महिन्याभरात मेडिकलवाल्याने हात वर केले. 'बाई, आता चिठ्ठी पाहिजे, रजिस्टरला नोंद करावी लागते,' एवढेच तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे रास्तच होते. माझ्याकडे चार गोळ्या उरल्या होत्या. त्या संपल्याच्या दुसऱ्या दिवशी जांभयांवर जांभया येऊ लागल्या, नाक गळू लागले, मे महिन्याच्या उन्हात अंगावर काटा उभा राहिला, पोट सुटले आणि पाय जागेवर ठरेनात. मला ताप आल्यासारखे वाटले, घरच्यांना ऊन लागले असे वाटले. तीन रात्री मी अंगणात येरझाऱ्या घातल्या. ही औषध अचानक तुटल्याची लक्षणे होती हे मला पुढे आठ महिन्यांनी कळले. ते आठ महिने शेजारच्या तालुक्यातून, ओळखीतून, मिळेल तिथून गोळ्या आणण्यात गेले. शाळेत मुलांना खोटे बोलू नका असे शिकवणारी बाई मेडिकलच्या काउंटरवर खोटे बोलत होती, याची लाज मला आजही वाटते.

जानेवारी २०१९ मध्ये मुलाने मला तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एका रुग्णालयातील वेदना-उपचार विभागात नेले. अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई असा तो रस्ता. त्यातला प्रत्येक गतिरोधक माझ्या पायाने मोजला आहे. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी हिंगोली जिल्ह्यातले एक शेतकरी बसले होते. गुटख्याने तोंडाचा कर्करोग झालेला, गाल आतून बाहेरपर्यंत फुटलेला, तोंडावर उपरणे. त्यांच्या पत्नीच्या साध्या मोबाईलवर दहाचा गजर वाजला, तसे तिने कनवटीच्या पिशवीतून एक गोळी काढून त्यांना दिली. ती मॉर्फिनची होती. दर चार तासांनी एक, दुखायची वाट पाहायची नाही, घड्याळ पाहायचे, असे तिला सांगितलेले होते आणि ती ते तंतोतंत पाळत होती. 'ह्याच्या आधी बापडे भिंतीला डोकं आपटून घ्यायचे,' ती म्हणाली. महिन्याची औषधे नेण्यासाठी ती दोघे दर वेळी एवढा प्रवास करत, कारण त्यांच्या जवळपास ती गोळी कोठेही मिळत नव्हती.

हे मला फार लागले. ज्या गोळीची त्या माणसाला निकड होती ती त्याच्या जिल्ह्यात मिळत नव्हती, आणि ज्या गोळीने माझे नुकसान होत होते ती मला दोन वर्षे कोणी न विचारता देत होते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन ठेवायचे तर रुग्णालयाला वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने काढावे लागत. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे, म्हणून बहुतेकांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच परवानगी पुरेल अशी सोय झाली. मॉर्फिन ज्या अफूपासून निघते तिची परवान्याखालची शेती आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते. तरीही हिंगोलीच्या माणसाला उपरण्यात तोंड झाकून एसटीने यावे लागते. कायदा बदलला, पण औषध खाली गावापर्यंत पोचले नाही.

आत गेल्यावर डॉक्टरांनी माझ्या सगळ्या चिठ्ठ्या, रिकामी पाकिटे आणि तपासण्या टेबलावर मांडायला लावल्या. सहा गोळ्या आणि झोपेची एक, हे खरे आकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले. मला रागावणे अपेक्षित होते. ते रागावले नाहीत. त्यांनी अंगाला औषधाची सवय लागणे आणि माणसाला व्यसन लागणे यातला फरक समजावून सांगितला. औषध तुटल्यावर नाक गळणे, पोट सुटणे हे शरीराचे झाले. नुकसान दिसत असूनही त्याच्याच मागे धावणे, संसार आणि काम बाजूला पडणे, हे व्यसनाचे. 'तुम्ही पहिल्यात आहात आणि दुसऱ्याच्या उंबरठ्यावर आहात, बाई,' ते म्हणाले. इतके स्पष्ट बोलणारा माणूस भेटल्याने मला रडू आले.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो पंचवीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. किती दुखते हे नंतर सांगा, दुखण्यामुळे काय करता येत नाही ते आधी सांगा. मी विचार करून तीन गोष्टी सांगितल्या. सलग पाच तास झोप, ओट्याशी उभे राहून सहा भाकरी, आणि घरापासून शाळेपर्यंतचे अर्धा किलोमीटर चालणे. त्यांनी त्या तशाच कागदावर लिहिल्या आणि म्हणाले की दुखणे शून्यावर येणार नाही. दहातले आठ असेल तर पाचावर आणू आणि या तीन गोष्टी साधतात का ते पाहू. नाही साधल्या तर औषध बंद करायचे, वाढवायचे नाही. कर्करोगाच्या वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये घालून दिलेली औषधांची शिडी, म्हणजे दुखणे वाढेल तसे सौम्य औषधाकडून तीव्र औषधाकडे जाणे, माझ्यासारख्या दुखण्याला जशीच्या तशी लावता येत नाही, आणि वर्षानुवर्षे अफूच्या जातीची औषधे घेतल्याने असे दुखणे बरे होतेच असा भक्कम पुरावा नाही, हेही त्यांनी लपवले नाही. काही जणांच्या बाबतीत मात्रा वाढत गेली की दुखणेच उलट तीव्र होते.

नसेच्या दुखण्यावर पहिली औषधे वेगळी असतात, ती आधी नीट वापरून पाहिली. प्रेगाबालिन मूत्रपिंडाच्या हिशेबाने अगदी कमी मात्रेत दिले, त्याने चमका कमी झाल्या. झोपेची गोळी तीन महिन्यांत पाव-पाव करून सोडवली. तो काळ मला सर्वांत कठीण गेला आणि त्याबद्दल अधिक लिहायची इच्छा नाही. ट्रॅमाडॉलही त्याच बेताने उतरवत आणले. मे २०१९ मध्ये ब्युप्रेनॉर्फिनची पट्टी सुरू झाली. हेही अफूच्याच जातीचे वेदनाशामक, फक्त ते पट्टीतून कातडीवाटे हळूहळू अंगात जाते. मॉर्फिनच का नाही, असे मी विचारले होते. मॉर्फिनचे शरीरात जे पदार्थ बनतात ते लघवीवाटे जातात. माझ्या मूत्रपिंडांना ते झेपणार नाही आणि ते रक्तात साचतील, तर ब्युप्रेनॉर्फिन मुख्यतः यकृतातून निकालात निघते, असे उत्तर मिळाले.

त्याआधी एका कागदावर माझी आणि मुलाची सही घेतली. औषध एकाच डॉक्टरांकडून आणि एकाच दुकानातून घ्यायचे, आठवडा पुरा होण्याआधी नवी पट्टी मागायची नाही, हरवली तर लगेच दुसरी मिळणार नाही, कुलपात ठेवायची, झोपेची गोळी परस्पर घ्यायची नाही. नातेवाइकांना त्यात अपमान वाटला. मला आधार वाटला.

पट्टी दिसायला साधी असते, कातडीच्या रंगाची, पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढी. दंडावर, छातीच्या वरच्या भागात किंवा पाठीवर लावायची. जागा नुसत्या पाण्याने धुवायची, साबण नको. पूर्ण कोरडी झाली की पट्टी चिकटवून अर्धा मिनिट तळहाताने दाबून धरायची. सात दिवसांनी बदलायची आणि त्याच जागी निदान तीन आठवडे पुन्हा लावायची नाही. आमच्या गावचा बाजार गुरुवारी भरतो, म्हणून मी गुरुवार ठरवला. बाजाराची पिशवी काढली की पट्टीची आठवण होते, त्यामुळे आजवर एकही आठवडा चुकलेला नाही. दोनशे पानी वहीत हजेरीपटासारख्या रेघा आखल्या आणि रोज रात्री झोपेचे तास, चाललेले अंतर, भाकरींची संख्या, दुखण्याचा आकडा, शौचास झाले की नाही आणि दिवसा गुंगी होती का, हे लिहू लागले.

पहिले तीन दिवस काहीच फरक पडला नाही, कारण कातडीतून औषध रक्तात पुरेसे जमायला तेवढा वेळ लागतो. मी निराश झाले. चौथ्या दिवशी मळमळ सुरू झाली, ती आठवडाभर टिकली आणि गोळीने आटोक्यात आली. गुंगी दहा दिवसांत गेली. बद्धकोष्ठ मात्र जात नाही. मळमळ आणि गुंगीची शरीराला सवय होते, आतड्यांना होत नाही, हे आधीच सांगितलेले असूनही मी घरातले इसबगोल घेत बसले आणि पाणी कमी प्याल्याने पोट आणखीच जड झाले. सोनामुखीच्या गोळ्या रात्री सुरू केल्या तेव्हा सुटका झाली. आमच्या आजीच्या बटव्यातली सोनामुखी इथे उपयोगी पडावी याचे मला अप्रूप वाटले. तिसऱ्या आठवड्यात वहीत पहिल्यांदा 'झोप : ४ तास ४० मिनिटे' अशी नोंद झाली. ते पान मी आजही उघडून बघते.

आमच्या उन्हाचा त्रास वेगळाच. ४२ अंशांत घामाने कडा सुटतात, त्या कागदी चिकटपट्टीने चारही बाजूंनी धराव्या लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पट्टीवर उष्णता लागली की कातडीतून औषध जास्त वेगाने आत जाते. म्हणून उन्हात उघड्या दंडाने फिरायचे नाही, गरम पाण्याची पिशवी जवळ आणायची नाही, अंगात ताप असेल तर डॉक्टरांना कळवायचे.

आता सासूबाईंविषयी लिहिले पाहिजे. त्या तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. पट्टीत काय आहे हे मी त्यांना खरे सांगितले, तेव्हा त्यांनी जेवण सोडले. 'अफूच की ती. नाव बदललं म्हणून काय झालं?' त्यांच्या तरुणपणी शेतावर जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकरांना मोहरीएवढी अफू चाटवून झोपवत आणि मग खुरपायला जात. सगळ्याच करत, त्याही करत. शेजारच्या घरातले एक लेकरू एका दुपारी उठलेच नाही. 'काळंनिळं झालतं गं. माय हलवून हलवून थकली,' असे म्हणून त्या गप्प झाल्या. गावातले लोक अफू म्हणून नावे ठेवतात तशी ती नावे ठेवणे नव्हते. त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. मी हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले, 'त्यांचं बरोबर आहे. या औषधाने माणूस जातो तो श्वास मंद होऊनच जातो. त्यांना सांगा, तुमच्यावर लक्ष ठेवायला मला घरात असंच माणूस पाहिजे.' मी तसेच जाऊन सांगितले. त्या रात्रीपासून सासूबाईंनी आपले अंथरूण माझ्या खोलीत आणले.

डिसेंबर २०२० मधली गोष्ट. तोवर पट्टी तासाला ५ मायक्रोग्रॅम औषध सोडणारीवरून १० मायक्रोग्रॅमची झाली होती. थंडी कडाक्याची होती, माझी कंबर धरली होती, आणि संध्याकाळी सुनेने मायेने वीट तापवून, फडक्यात गुंडाळून पाठीशी दिली. पट्टी त्या आठवड्यात पाठीवर, खांद्याच्या फऱ्यावर होती. मी तिला आठवण केली नाही, कारण शेक फार बरा वाटत होता आणि मी त्यातच झोपी गेले. पुढचे मला घरच्यांनी सांगितले. रात्री साडेअकराच्या सुमारास सासूबाईंना माझे घोरणे वेगळे वाटले, मध्येच थांबणारे. त्यांनी माझ्या नाकाशी तळहात धरला आणि मुलाला हाक मारली. मला हाका मारल्या तर मी डोळे उघडून पुन्हा मिटत होते. मुलाने मोबाईलवर वेळ लावून श्वास मोजले, ते मिनिटाला आठ भरले. वीट दूर फेकली, पट्टी ओढून काढली, आणि गाडी करून लातूरला नेले. पट्टी काढली तरी कातडीत साठलेले औषध पुढे बराच वेळ रक्तात उतरत राहते, म्हणून एक दिवस आणि एक रात्र ऑक्सिजन लावून मला देखरेखीखाली ठेवले. डायक्लोफिनॅकच्या काळापासून ज्या विटेने मला साथ दिली, तीच वीट माझा घात करणार होती. ती आता अंगणात तुळशीपाशी आहे.

सून कित्येक महिने स्वतःला दोष देत राहिली. दोष माझा होता. नियम मला ठाऊक होता, तिला कोणी बसवून समजावला नव्हता. त्यानंतर आम्ही घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ती सूचना वाचली आणि तिची प्रत स्वयंपाकघराच्या दारामागे लावली. असे औषध ज्याच्या घरात येते त्याने हे पहिल्याच दिवशी करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. औषध एकाच्या अंगावर असते, पण ते सांभाळावे सगळ्यांना लागते.

दुसरा प्रसंग नातवाचा. तो तीन वर्षांचा असताना दुपारी माझ्या कुशीत झोपला होता. मला जाग आली ती दंडावर काहीतरी खरवडल्यासारखे वाटून. त्याने नखाने पट्टीचा एक कोपरा उचलला होता आणि अगदी मन लावून तो पुढे सोलत होता. 'आजी, मला पण स्टिकर.' वापरून झालेल्या पट्टीतही लहान मुलाला घातक ठरेल एवढे औषध उरलेले असते. तेव्हापासून पट्टी फक्त पाठीवर लावतो आणि काढलेली पट्टी चिकट बाजू आत घडी घालून, कुलपाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून, पुढच्या भेटीत रुग्णालयात परत देतो.

२०२२ च्या अखेरीस दुखण्याचा आकडा पुन्हा पाचावरून सातावर चढला. मी २० ची पट्टी मागितली. डॉक्टरांनी वही मागून घेतली आणि मागची सहा महिन्यांची पाने एकेक करून पाहिली. झोप तेवढीच होती, भाकरी तेवढ्याच होत्या, चालणे मात्र कमी झाले होते, आणि ते कमी झाल्यानंतर आकडा चढला होता, आधी नाही. हे माझ्या स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलेले असूनही मला दिसले नव्हते. त्यांनी मात्रा वाढवली नाही. फिजिओथेरपी पुन्हा सुरू करायला लावली. वर्षभराने, चालणे पूर्वीवर आल्यावर, १० ची पट्टी ५ वर आणू या, असे त्यांनी सुचवले. उतरवण्याचे पहिले दोन आठवडे जांभया, बेचैनी, तुटक झोप, सगळे परत आले. या वेळी मात्र ते काय आहे हे मला माहीत होते आणि सासूबाई शेजारच्या अंथरुणावर जाग्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात ते ओसरले. दुखण्याचा आकडा १० च्या पट्टीवर जितका होता तितकाच ५ च्या पट्टीवर राहिला, ही गोष्ट मला अजूनही नीट उमगलेली नाही, परंतु वहीत तसे लिहिलेले आहे.

सध्या ५ चीच पट्टी चालू आहे. क्रिएटिनिन १.७ आहे. मी सेवानिवृत्त झाले असले तरी नातवाला शाळेत पोचवायला रोज ते अर्धा किलोमीटर चालते, आणि सहाऐवजी चार भाकरी झाल्या की बसते. पुढच्या तपासणीत पट्टी पूर्ण बंद करून पाहायची का, हा विषय निघणार आहे. माझे मत निदान हिवाळा सरेपर्यंत थांबावे असे आहे, कारण थंडीत नस जास्त पेटते आणि मागच्या चार हिवाळ्यांच्या नोंदी तेच सांगतात. ती पाने मी खुणा घालून ठेवली आहेत.